नवव्या प्रकरणावरचं नाव

ही हकिगत एका विधी महाविद्यालयातली आहे. माणसांची, गावाची आणि प्रकाशकाची नावं गाळली आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. निर्णय कुठे अडले, कुठे चुकले आणि कशामुळे पुढे सरकले, ते मात्र झालं तसं मांडलं आहे. तीन जणांच्या समितीची मी निमंत्रक होते, त्यामुळे चुकांमधला मोठा वाटा माझा आहे.

पार्श्वभूमी

सरांनी तीस वर्षांहून अधिक काळ पुरावा कायदा शिकवला. वर्गात ते कलम वाचून दाखवत नसत. आधी एक माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा करायचे, त्याच्या तोंडी एक वाक्य घालायचे आणि विचारायचे, "हे कोर्टानं ऐकावं का? का ऐकावं?" कलमाचा आकडा फळ्यावर यायचा तो तासाच्या शेवटी. ऐंशीच्या दशकात त्यांनी याच पद्धतीनं मराठीतून पाठ्यपुस्तक लिहिलं. आमच्या मुलांच्या हाती तोवर कलमांचं भाषांतर आणि खाली चार ओळी एवढंच असायचं. सरांचं पुस्तक परीक्षा संपल्यावर कुणी विकत नसे. तालुक्याच्या कोर्टात वकिलांच्या टेबलावर त्याच्या पुन्हा बांधून घेतलेल्या प्रती मी पाहिल्या आहेत. सरांच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या.

पुस्तकाचं नाव झालं ते नवव्या प्रकरणामुळे. विषय होता बलात्काराच्या खटल्यांतला पुरावा. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तेच पुढे मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी ठरवलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा एकूण तर्क. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुकाट्यानं शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या पत्राचा गाभा. देशभर आंदोलनं उभी राहिली. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: पोलीस कोठडीसारख्या काही ठरावीक परिस्थितींतल्या बलात्कारात, संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं साक्षीत सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच गृहीत धरायचं.

नवव्या प्रकरणात हे कलम समजावून सांगितलं होतं. पण त्याची खरी ताकद दुसऱ्या भागात होती. कलम १५५ च्या चौथ्या पोटकलमानुसार आरोपीला एक मुभा होती. फिर्यादी स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडता येत असे. हे पोटकलम रद्दच झालं पाहिजे, असं पहिल्या आवृत्तीतच ठासून लिहिलं होतं. पाठ्यपुस्तकात इतकी थेट भूमिका आम्ही विद्यार्थ्यांनी पहिल्यांदाच वाचली. विधी आयोगाच्या १७२ व्या अहवालानं २००० मध्ये तशी शिफारस केली आणि २००२ च्या दुरुस्ती कायद्यानं ते पोटकलम गेलं. सरांच्या शोकसभेत जवळपास प्रत्येक वक्ता नवव्या प्रकरणावर बोलला. मीही बोलले.

पेच

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. १६७ कलमांच्या जागी १७० आली. आशय बराचसा तोच राहिला, पण आकडे जवळजवळ सगळे हलले. पोलिसांपुढच्या कबुलीतून सापडलेल्या वस्तूचं प्रसिद्ध कलम २७ आता कलम २३ चं परंतुक झालं, मृत्युपूर्व जबानी ३२ वरून २६ मध्ये गेली, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब आता ६३ आहे, ११४-अ आता १२०. शिवाय त्या तारखेला चालू असलेली प्रकरणं जुन्याच कायद्यानं चालणार, म्हणजे मुलांना पुढची कित्येक वर्षं दोन्ही आकडे लागणार. प्रकाशकानं सहावी आवृत्ती मागितली. महाविद्यालयानं त्याच मुहूर्तावर सरांच्या नावानं वार्षिक व्याख्यान सुरू करायचं ठरवलं आणि आमची समिती नेमली: मी, एक ज्येष्ठ सहकारी आणि ग्रंथपाल.

सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, कागदांच्या दोन पेट्या दिल्या. पहिल्या पेटीत टाचणं, निकालांची कात्रणं, विद्यार्थ्यांची पत्रं. दुसरीत पहिल्या आवृत्तीचं हस्तलिखित होतं. आठ प्रकरणं सरांच्या तिरक्या, घाईच्या अक्षरात. नववं वेगळ्या अक्षरात, रेघी वहीच्या पानांवर. 'श' आणि 'ल' जुन्या वळणाचे, प्रत्येक परिच्छेदाला आकडा. समासात सरांच्या लाल शाईतल्या खुणा: 'लांबलं', 'निकाल द्या', एका ठिकाणी 'उत्तम'. मुद्रणप्रतीशी ताडून पाहिलं तर ते प्रकरण त्या वहीतूनच, सुमारे पाचवा भाग गाळून, छापलं गेलं होतं.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत 'माझ्या विद्यार्थ्यांचे व सहकाऱ्यांचे आभार' एवढीच ओळ होती.

काकूंना वही दाखवली. त्यांनी चष्माही लावला नाही. "अगं, हे तर तिचं अक्षर," म्हणाल्या आणि एक नाव घेतलं. सरांची पूर्वीची विद्यार्थिनी, त्या काळात महाविद्यालयात तासिकेवर शिकवणारी. पुढे कायम जागा मिळाली नाही म्हणून त्या जिल्हा न्यायालयात वकिलीला लागल्या. मी त्यांना इथे वकीलबाई म्हणते. त्या हयात होत्या, वकिली करत होत्या, आणि शोकसभेला मागच्या रांगेत बसून माझं भाषण ऐकून गेल्या होत्या.

पहिला निर्णय: खणायचं की नाही

ज्येष्ठ सहकाऱ्यांचं पहिलं मत स्पष्ट होतं. हस्तलिखित दुसऱ्याच्या अक्षरात असणं म्हणजे लेखन दुसऱ्याचं असणं नव्हे. सर तोंडी सांगत असतील, त्या उतरवून घेत असतील. शंका रास्त होती आणि ती टाळून पुढे जाणं चुकीचं ठरलं असतं. म्हणून आम्ही पुरावा कायद्याच्या पुस्तकालाच पुरावा कायदा लावला. अक्षर ओळखणारी व्यक्ती त्या अक्षराशी परिचित हवी (जुनं कलम ४७, नवं ४१): काकूंनी त्या बाईंची पत्रं वर्षानुवर्षं पाहिली होती. तीस वर्षांपूर्वीचा कागद योग्य ताब्यातून आला तर तो खरा असल्याचं गृहीत धरता येतं (जुनं ९०, नवं ९२): पेटी सरांच्या घरातून बाहेर गेलीच नव्हती. पण कागद खरा ठरला तरी मजकूर कुणाचा, हे त्यातून ठरत नाही. तोंडी सांगून उतरवलेल्या मजकुरावर सांगणाराच समासात 'उत्तम' लिहील का, हा प्रश्न ग्रंथपालांनी विचारला. तेव्हापासून सहकाऱ्यांचा विरोध मवाळ झाला.

शेवटचा धागा पहिल्या पेटीत निघाला. सरांनी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत: नववं प्रकरण अमुक बाईंनी लिहिलं आहे, मी फक्त कात्री फिरवली, तरी प्रकरणाच्या मथळ्याखाली त्यांचं नाव द्यावं आणि मानधनाचा योग्य हिस्सा त्यांना जावा. मृत माणसाचं स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्धचं विधान न्यायालय ऐकतं, कारण स्वतःचं नुकसान करणारं खोटं कुणी सहसा बोलत नाही. सरांनीच आम्हाला हे शिकवलं होतं. प्रकाशकाचं उत्तर त्याच पत्राला टाचलेलं होतं: पाठ्यपुस्तकावर एकच नाव चालतं, दुसऱ्या नावानं अभ्यासमंडळात प्रश्न येतील.

त्यानंतर सरांनी काही लिहिल्याचं सापडत नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीही नाही, पाचव्याच्याही नाही.

हे पत्र वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग जास्त वाईट वाटलं. सरांना माहीत होतं, त्यांनी एकदा सांगितलंही, आणि मग पंचवीस वर्षं ते गप्प राहिले. त्यांना चोर म्हणणं खोटं ठरेल, आणि पहिल्या पत्राच्या जोरावर पूर्ण मोकळं सोडणंही.

दुसरा निर्णय: आधी कुणाला सांगायचं

इथे मी चुकले. आधी प्रकाशकाशी बोलले, मग सरांच्या मुलाशी. वकीलबाईंना शेवटी सांगू, म्हणजे हातात काहीतरी ठोस असेल, असा माझा विचार. त्यात तीन आठवडे गेले. दरम्यान मी प्रस्तावनेचा कच्चा मसुदा समितीला पाठवला. तो कुणाच्या तरी फोनवरून माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोचला. त्यात 'नवव्या प्रकरणाच्या लेखनात मोलाचं योगदान' असं वाक्य होतं. एका बाजूनं सरांच्या स्मृतीवर चिखलफेक म्हणून माझा निषेध झाला. दुसऱ्या बाजूनं, ज्यांनी नेहमीच अशा गोष्टी ऐकल्या होत्या, अशा काही जणींनी स्वतःचे अनुभव लिहायला सुरुवात केली. वकीलबाईंनी ही बातमी तिथे वाचली.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या कार्यालयात दोन पक्षकार बसले होते. त्यांनी मला थांबवलं, कामं संपवली आणि मग म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना विचारलंत. ज्यांच्या अक्षरावरून हे सुरू झालं, त्यांना सोडून." मी माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली असं म्हणता येणार नाही, पण मसुद्याचा कागद मागून घेतला आणि 'मोलाचं योगदान' हे शब्द खोडले. "योगदान म्हणजे काय? मी लिहिलं. तसं लिहा, नाहीतर काहीच लिहू नका."

तिसरा निर्णय: नाव कसं द्यायचं

कायद्याची बाजू आम्ही एका कॉपीराइट वकिलाकडून तपासून घेतली, आणि ती आमच्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली. मी 'संयुक्त लेखन' समजत होते. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कृती म्हणजे जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती. इथे वाटा सरळ वेगळा काढता येत होता: आख्खं प्रकरण. म्हणजे ती बाईंची स्वतंत्र कृती. त्या सरांच्या नोकर नव्हत्या, आणि हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी करार लागतो. तसा कागद कुठेच नव्हता. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीचं कर्तृत्व सांगण्याचा हक्क, कॉपीराइट विकला तरी लेखकाकडे राहतो. जुन्या आवृत्त्यांच्या भरपाईला मुदतीची अडचण होती, पण सहावी आवृत्ती ही नवी छपाई. आता माहीत असूनही छापलं, तर चूक नव्यानं आणि जाणूनबुजून होणार होती. बाकीच्या प्रकरणांवर वारसांचा हक्क, लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. त्यामुळे मुलाच्या संमतीशिवाय पुस्तकाचं पानही हलणार नव्हतं.

चार मार्ग समोर होते. काहीच न करणं, जे प्रकाशकाला सोयीचं होतं. प्रस्तावनेत आभार मानणं, जे सगळ्यांना सभ्य वाटत होतं. बाईंना संपूर्ण पुस्तकाच्या सहलेखिका म्हणून मुखपृष्ठावर घेणं, अशी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका गटाची मागणी होती. आणि प्रकरणावर, अनुक्रमणिकेत आणि शीर्षकपृष्ठावर नेमकं जे खरं आहे ते लिहिणं.

मुलाचा युक्तिवाद मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. "बाबा आता उत्तर देऊ शकत नाहीत. जिवंत माणसाच्या बाजूनं तुम्ही सगळे आहात. आठ प्रकरणं त्यांची आहेत, पण उद्यापासून लोक फक्त नवव्याचंच बोलणार." त्यांची भीती रास्त होती. माणसाच्या कामाचा हिशेब शेवटी एका चुकीवर येऊन थांबतो, हे आपण पाहतोच.

या काळात मी कायद्याच्या इतिहासात अशा नावांचं काय झालं ते वाचत होते, आणि त्याचा निर्णयावर परिणाम झाला. जॉन ऑस्टिन हे लंडन विद्यापीठातले विधिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या तासांना मुलं फारशी टिकली नाहीत, त्यांनी पद सोडलं, हयातीत एकच पुस्तक छापलं. १८५९ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या टिपणांतून उरलेली व्याख्यानं लावून, संपादून छापली ती पत्नी सारा यांनी, १८६३ पर्यंत. आपण विधिशास्त्रात ऑस्टिन शिकतो तो बऱ्याच अंशी साराबाईंच्या हातून आलेला आहे, आणि मी वीस वर्षांत वर्गात त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

दुसरं उदाहरण अमेरिकी वकील पॉली मरे यांचं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९४४ मध्ये विद्यार्थिनी असताना त्यांनी एक निबंध लिहिला. 'वेगळं पण समान' म्हणत वर्णभेदाला मान्यता देणाऱ्या १८९६ च्या प्लेसी निकालावर कडेनं वार न करता थेट हल्ला करावा, असं त्यात मांडलं होतं. वर्गात त्यावर हसू झालं. त्यांचे प्राध्यापक स्पॉट्सवूड रॉबिन्सन यांनी तो निबंध पुढे शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्याच्या तयारीत बाहेर काढला. १९५४ मध्ये ब्राउनचा निकाल लागला, आणि आपला निबंध तिथे वापरला गेला हे मरेंना कळलं बऱ्याच वर्षांनी. १९७१ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग या तेव्हाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेनं रीड विरुद्ध रीड या स्त्री-पुरुष भेदभावाच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे लेखी युक्तिवाद सादर केला. त्यातलं लेखन मरेंनी केलं नव्हतं, पण विचार त्यांच्या आणि डोरोथी केन्यन यांच्या कामावर उभे होते. म्हणून गिन्सबर्गनी त्या दोघींची नावं मुखपृष्ठावर घातली. त्यामुळे गिन्सबर्गचं काही कमी झालं, असं आजवर कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

आणि आपल्याकडचं १९७९ चं पत्र. चार नावं, चार सह्या. तरी बोलण्यात ते सहज 'बक्षींचं पत्र' होतं. सही असूनही नाव मागे पडतं, तिथे वहीतल्या अक्षराचं काय होणार?

मी मुलाला हेच सांगितलं, फार आवेश न आणता, आणि सोबत कार्बन प्रत ठेवली. "बाबांनी स्वतः मागितलं होतं ते आपण करतोय," असं म्हटल्यावर ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. काकूंनी शेवटी मुलाला सांगितलं, "सही कर. त्यांच्या मनातून ते कधी गेलं नव्हतं." काकूंना हे आधीपासून माहीत होतं, हे त्या वाक्यानं उघड झालं. त्यावर कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

चौथा निर्णय: मजकूर तसाच ठेवायचा का

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हताच. तो वकीलबाईंनी आणला. नाव देणार असाल तर ते प्रकरण आहे तसं छापू नका, असं त्यांनी कळवलं. "ते मी सव्विसाव्या वर्षी लिहिलं. मला वाटलं होतं ११४-अ आलं, आता खटले बदलतील."

त्यांचा मुद्दा साधा आणि अनुभवातून आलेला होता. ते कलम मुळात बलात्काराच्या ठरावीक गंभीर प्रकारांनाच लागू होतं: कोठडीतला, सामूहिक, गर्भवती स्त्रीवरचा. जिल्हा न्यायालयात येणारे बहुतेक खटले त्यात बसतच नाहीत. तिथे संमतीचा प्रश्न पूर्वीसारखाच उलटतपासणीत लढला जातो. पोटकलम १५५(४) गेलं, २०१३ मध्ये कलम ५३-अ येऊन पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या मुद्द्यावर गैरलागू ठरला, तरी तेच प्रश्न दुसऱ्या दारानं येतात: रात्री तिथे का गेलात, फोन कुणाला केला, तक्रारीला उशीर का. नव्या प्रकरणाचा निम्मा भाग त्यांना या प्रश्नांवर हवा होता. कोणत्या क्षणी हरकत घ्यायची, न्यायाधीशांना काय दाखवायचं, मुलीला आदल्या दिवशी काय सांगून ठेवायचं.

ज्येष्ठ सहकारी म्हणाले, मग ते सरांचं पुस्तक राहिलंच कुठे? यावर समितीत दोन बैठका गेल्या. कायद्याच्या पुस्तकांत ही अडचण जुनीच आहे. दिनशा मुल्ला १९३४ मध्ये गेले, तरी मुल्लांच्या नावाची पुस्तकं नवे संपादक आजही सुधारत आहेत, आणि कुठली ओळ मुल्लांची, कुठली संपादकाची, हे वाचणाऱ्याला सहसा कळत नाही. आम्हाला ते नको होतं. शेवटी ठरलं: नववं प्रकरण बाई नव्यानं लिहितील. जुनं प्रकरण परिशिष्टात, गाळलेल्या भागासह, मूळ वहीप्रमाणे. सरांचे समासातले शेरे तळटिपांत, त्यांच्या नावानं. बाकीच्या आठ प्रकरणांत कलमांचे आकडे मी बदलले. जिथे आशयाला हात लावला तिथे चौकटी कंसात माझी आद्याक्षरं आहेत.

काय निष्पन्न झालं

सहावी आवृत्ती ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा आली. शीर्षकपृष्ठावर सरांचं नाव, खाली 'प्रकरण नववे' आणि बाईंचं नाव. अनुक्रमणिकेत आणि प्रकरणाच्या मथळ्याखालीही. दोन पानांच्या निवेदनात वही, कार्बन प्रत आणि प्रकाशकाचं उत्तर यांची हकिगत, विशेषणांशिवाय. पृष्ठसंख्येच्या प्रमाणात मानधनाचा स्वतंत्र करार झाला. बाईंनी पैसे नाकारले नाहीत, आणि मला ते योग्य वाटलं.

व्याख्यान सरांच्याच नावानं सुरू झालं. पहिलं व्याख्यान द्यावं म्हणून बाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या, कारण त्या आठवड्यात त्यांच्या एका खटल्याचा अंतिम युक्तिवाद होता. मुलगा प्रकाशनाला आला नाही. काकू आल्या आणि बाईंच्या शेजारी बसल्या. व्हॉट्सअ‍ॅप गटातले दोघेतिघे माझ्याशी अजून बोलत नाहीत. पेट्यांमधल्या सल्ल्याच्या फायली, ज्यांत पक्षकारांची नावं होती, त्या आम्ही न उघडता काकूंकडे परत दिल्या. यावर एका मिनिटाचीही चर्चा लागली नाही.

आज पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात आधी मी वकीलबाईंकडे जाईन, त्याच दिवशी, वही हातात घेऊन. पुरावा पक्का झाल्यावर जाऊ, हा विचार मला तेव्हा जबाबदारीचा वाटला होता, पण त्यात त्यांना साक्षीदाराच्या जागी बसवलं गेलं. त्या पक्षकार होत्या. कर्तृत्वाविषयीचा कोणताही मसुदा, जिच्याविषयी आहे तिनं वाचल्याशिवाय फोनवर पाठवणार नाही. कागद उघडण्याआधी यादी करेन आणि निर्णय कुणी घ्यायचा ते लिहून घेईन. आमच्या समितीला शिफारस करायची होती की ठरवायचं होतं, हे तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

मुलाच्या बाबतीतही मला चुकल्यासारखं वाटतं. त्यांना मी थेट निष्कर्ष सांगायला गेले. पेटी त्यांच्यासमोर उघडली असती, आणि कार्बन प्रत माझ्याऐवजी त्यांच्या हाती लागली असती, तर कदाचित ते प्रकाशनाला आले असते.

एका गोष्टीवर अजून माझं मत ठरत नाही. सर हयात असताना, शेवटच्या आवृत्तीच्या वेळी, मी प्रुफं वाचली होती. नवव्या प्रकरणाची वाक्यं बाकीच्यांपेक्षा लहान आहेत, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं असं मला वाटतं, आणि मग पुढचं सगळं त्यांनीच केलं असतं.

ग्रंथालयात जुन्या आवृत्त्यांच्या अकरा प्रती आहेत. ग्रंथपालांनी त्यांच्या पहिल्या पानावर चिकटवायची चिठ्ठी तयार केली, एका ओळीची, आणि मजकूर तपासायला बाईंकडे पाठवला. त्यांनी पूर्णविराम दुरुस्त करून तो परत धाडला. नऊ प्रती झाल्या आहेत. दोन मुलांकडे गेलेल्या आहेत, त्या सत्र संपल्यावर येतील.